सापाचा अर्थ सांगणारी बाई

आमच्या घरी पाहुणे आले आणि कामधंद्याचा विषय निघाला, की आमचे हे सांगत, "मी लोकांना भूल देतो." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आणि हीसुद्धा." डॉक्टर, म्हणजे आमचे हे, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या हॉस्पिटलात ॲनेस्थेटिस्ट होते. मी इथल्याच विद्यापीठात लिथुएनियाच्या जुन्या लोककथांमधल्या सापांचा अर्थ लावत असे. डॉक्टरांचे पेशंट कामाच्या वेळी झोपत आणि नंतर शुद्धीवर येत. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दुसऱ्या भागाची खात्री देता येत नसे.

लिथुएनिया नकाशावर कुठे आहे हे वाचकांना ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, नोकरी लागली तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. युरोपच्या वरच्या अंगाला, बाल्टिक समुद्राच्या काठी तो चिमुकला देश आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्याकडे पुण्याची संस्कृतची पदवी होती आणि दिवसभर करायला काही नव्हतं. विद्यापीठात एक म्हातारे प्रोफेसर होते. त्यांची अशी पक्की समजूत होती, की ज्याला संस्कृत येतं त्याला लिथुएनियन आपोआप येतं. मुलाखतीत त्यांनी मला तीन शब्द विचारले. उग्निस म्हणजे काय? म्हटलं, अग्नी असेल. दूमाई? धूर असेल. सूनुस? मुलगा, दुसरं काय! प्रोफेसरांनी उठून माझा हात हातात घेतला आणि मी नोकरीला लागले. बाकीची भाषा शिकायला माझी पुढची कितीतरी वर्षं गेली, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि मी ती शिकले निव्वळ कथांमधून. त्यामुळे मला राजकन्या, चेटकीण, सोन्याचं सफरचंद आणि नऊ डोक्यांचा राक्षस असे शब्द अस्खलित येत. बॉयलर, टोमॅटो आणि बसस्टॉप मात्र येत नसत. याचा त्रास पुढे झाला, तो सांगतेच.

आता धंदा समजावून सांगते. त्या देशातल्या जुन्या कथांत एक हिरवट करडा, मानेवर पिवळा पट्टा असलेला बिनविषारी साप असतो. तो रानात नाही, घरात राहतो, चुलीच्या खाली किंवा उंबऱ्याशी. घरातलं माणूस असावं तसा. त्याला दूध ठेवतात. काही कथांमध्ये तो लहान मुलाबरोबर एकाच वाडग्यातून जेवतो, आणि तो नुसतं दूधच पितो म्हणून ते पोर त्याच्या डोक्यावर चमचा मारून सांगतं, "पावसुद्धा खा." मग आई येते, साप पाहून किंचाळते, त्याला मारते आणि तिथून त्या घराला उतरती कळा लागते. अशा कथा वाचायच्या आणि हा साप म्हणजे नक्की कोण, ते सांगायचं, हे माझं काम. कुणी म्हणे तो पूर्वज, कुणी म्हणे सुफलता, कुणी म्हणे या जगाची आणि त्या जगाची सीमारेषा. आमच्या विभागात साप काहीही असू शकत असे. फक्त साप म्हणजे साप असं म्हणायची सोय नव्हती. तसं लिहिणाऱ्या एका मुलाला मीच नापास केलं होतं.

एक गोष्ट मात्र मी विभागात कधी कुणाला कळू दिली नाही. मला सापाची भयंकर भीती वाटते. जिवंत साप मी प्राणिसंग्रहालयात, काचेमागे, डॉक्टरांच्या पाठीआडून पाहिला होता.

पण नाव सापाशी जोडलं गेलं की लोक सोडत नाहीत. कुणाच्या फ्लॅटमध्ये पाळलेला अजगर सुटला, तर फोन मला. इल्फर्डहून एक बाई खास ट्रेनने आल्या. त्यांच्या स्वप्नात रोज हिरवा साप येई आणि त्याने सासूबाईंचा चष्मा घातलेला असे. "याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "सासूबाईंची तब्येत ठीक आहे ना?" त्या म्हणाल्या, "अगदी ठणठणीत. तेच तर!" मी त्यांना चहा पाजला आणि स्टेशनवर सोडून आले. याहून चांगला अर्थ मला आजही सुचत नाही.

निवृत्त व्हायच्या सुमाराला ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला बोलावलं. त्यांनी लोगोसाठी हिरवा साप निवडला होता आणि त्याच्या सांस्कृतिक अर्थाबद्दल त्यांना तासभर ऐकायचं होतं. आमच्या धंद्याला इतका मान कधी मिळाला नव्हता, त्यामुळे मी जीव तोडून बोलले. पूर्वज सांगितले, सुफलता सांगितली. शेवटी साप दुखावला तर घरदार कसं धुळीला मिळतं, तेही रंगवून सांगितलं. पुढच्या आठवड्यात कंपनीने लोगो बदलून त्रिकोण केला.

त्या भाषणानंतर मागच्या रांगेतला एक उंच, चाळिशीचा माणूस माझ्याजवळ आला. नाव विटास, आईवडील लिथुएनियाचे, जन्म इथला. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "माझ्या आईकडे तसला एक आहे."

"लोगो?"

"साप."

त्याची आई अल्दोनाबाई माझ्या घरापासून बसने दहा मिनिटांवर राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकट्या. हिवाळ्यात स्वयंपाकघरात दोनदा पडल्या होत्या. विटास त्यांना ब्रॅकनेलला आपल्या घरी न्यायला बघत होता आणि त्या हलायला तयार नव्हत्या. कारण बागेतल्या खताच्या ढिगात त्यांचा घरसाप राहत होता. त्याला टाकून घरातली बाईच निघून गेली तर घराची लाज कोण राखणार, असं त्यांचं म्हणणं.

"मी पेस्ट कंट्रोलला फोन केला," विटास म्हणाला, "तर ते म्हणाले, कायदा आहे, या सापाला हात लावता येत नाही. आईला वाटतं सरकारसुद्धा तिच्या बाजूने आहे. प्लीज, तुम्ही एक्सपर्ट आहात. कथांमध्ये घर सोडायची परवानगी असते, एवढंच तिला सांगा."

मी त्या घरी गेले. दार उघडलं ते ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हातात लाकडी चमचा धरलेल्या अल्दोनाबाईंनी. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिथुएनियन काढली. मला म्हणायचं होतं, आत येऊ का? कथांमधल्या शब्दांत ते झालं, "हे आदरणीय वृद्धमाते, दूरदेशीची पांथस्थ तुमच्या उंबऱ्याशी उभी आहे."

त्या दाराला धरून इतक्या हसल्या, की आता तिसऱ्यांदा पडतात की काय असं वाटलं. "ये, पांथस्थ," म्हणाल्या, "चहा घेतेस का?"

मग मी वरचेवर जायला लागले. त्या मला बॉयलर आणि टोमॅटो शिकवत. सापाला त्या 'तो' म्हणत, जशी आमच्याकडच्या बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात तसं. तो ऊन पडलं की येतो. तो उन्हाळ्यात ढिगाच्या उबेला अंडी घालतो. तो अंडी कशी घालेल, असं मी विचारलं नाही. मी ढिगाकडे पाठ करून बसत असे.

त्यांना निघायची परवानगी कथांमध्ये आहे का? खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एका गावच्या कथेत मात्र मला आठवत होतं, की घर बदलताना पांढरं कापड अंथरून सापाला जेवायला बोलावतात. त्याने पानाला तोंड लावलं तर तो बरोबर येतो. हे मी सांगितलं तर अल्दोनाबाई एकदम गंभीर झाल्या. "माझी आजी असंच करायची," म्हणाल्या. "ठीक आहे. त्यालाच विचारू. तो येतो म्हणाला तर मी येते. नाहीतर विषय बंद."

विटासला फोन केला. तो खूश झाला. "म्हणजे यस ऑर नो, क्लिअर आउटपुट मिळेल? आणि काहीच झालं नाही तर डिफॉल्ट काय?" मी म्हटलं, कथांमध्ये डिफॉल्ट नसतो. तो म्हणाला, "मग मी शनिवारी बागेत खणायचा फोर्क घेऊन येतो. बाहेर आला नाही तर ढीग थोडा हलवू." खताचा ढीगच गेला तर साप जाईल आणि साप गेला तर आईची सबब जाईल, असा त्याचा हिशोब मला तेव्हाच दिसला होता.

इथे माझी जीभ घसरली. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मीनाताईंना मी हे फोनवर सांगितलं. मीनाताई म्हणजे निवृत्त फार्मासिस्ट आणि उत्साहाचा झरा. "सुलू! शनिवारी? अगं, शनिवारी नागपंचमी आहे! आपण इतकी वर्षं इथे पाटावर गंधाचा नाग काढतोय, आणि बसच्या रूटवर लाइव्ह नागोबा आहे, आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"मीनाताई, तो नाग नाही. त्याला फणासुद्धा नाही."

"ब्रिटिश आहे गं, ॲडजस्ट करायचं."

शनिवारी मी पोचले तेव्हा अल्दोनाबाईंनी ढिगासमोर गवतावर कांजी केलेलं पांढरं कापड अंथरलं होतं. वाडग्यात दूध, बाजूला काळ्या पावाचा तुकडा, एक अंडं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, चर्चला जाताना घालतात तो निळा ड्रेस घालून, हातात तोच लाकडी चमचा. विटास फोर्क धरून उभा. एवढ्यात फाटकातून मीनाताई आणि मंडळाच्या दोघी आत आल्या, नऊवारीत, हळदीकुंकू, लाह्या आणि पुरणाच्या दिंडांचा स्टीलचा मोठा डबा घेऊन. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघत होते ते बघतच राहिले.

विटासने फोर्क जमिनीला लावला मात्र, मीनाताई कडाडल्या, "अरे, स्टॉप! फोर्क डाऊन! आज खणायचं नसतं!"

तो बिचारा फोर्क धरून गोठला. मला विचारलं, "हा लिथुएनियन नियम आहे?"

"नाही," मी म्हटलं, "हा आमचा."

अल्दोनाबाईंनी काय ते विचारलं. मी सांगितलं, की आजच्या दिवशी आम्ही जमीन खणत नाही, काही चिरत नाही, तवा ठेवत नाही. जमिनीखाली जो राहतो त्याला चुकून इजा व्हायला नको, म्हणून फक्त उकडलेलं खायचं. त्या ऐकत राहिल्या. मग उठून आत गेल्या. टेबलावर अर्धवट चिरलेली काकडी होती, ती तशीच झाकून ठेवली, सुरी ड्रॉवरमध्ये टाकली आणि परत येऊन मुलाला म्हणाल्या, "ऐकलंस? एवढ्या मोठ्या देशात या दिवशी कुणी खणत नाही." विटासने फोर्क शेडला टेकवून ठेवला. एवढ्या मोठ्या देशात त्या दिवशी किती खणतात ते मला माहीत होतं, पण मी गप्प बसले.

मग आम्ही वाट पाहिली. ऊन आलं, ऊन गेलं. सगळ्यांनी दिंड खाल्ले. विटासने तीन खाल्ले आणि विचारलं, हे व्हीगन आहे का. मीनाताई म्हणाल्या, "तूप सोडलं तर."

आणि तो आला. ढिगाच्या बुडातून आधी डोकं, मानेवरचा पिवळा पट्टा, मग हातभर, मग आणखी हातभर. अल्दोनाबाई हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. तो कापडाच्या कडेला आला. दुधाकडे वळला. विटासने श्वास रोखला. जन्मभर ज्याच्या नावावर जेवले तो समोर होता आणि मला पळून जायचं होतं.

त्याच क्षणी मीनाताईंची भक्ती अनावर झाली. "नागोबाऽऽ!" असं म्हणून त्यांनी मूठभर हळद आणि ओंजळभर लाह्या थेट त्याच्या अंगावर टाकल्या.

साप एकदम वळवळला, पाठीवर उलटा झाला, तोंड वासलं, जीभ बाहेर पडली आणि तो निपचित झाला. पाठोपाठ असा काही वास सुटला, की मंडळाच्या दोघी पदर नाकाला लावून फाटकापर्यंत गेल्या.

"मेला?" मीनाताईंनी विचारलं. "अगं बाई गं... नागपंचमीला नाग मारला मी! सुलू, मी नाग मारला!" आणि त्या गवतावर फतकल मारून रडायलाच लागल्या.

अल्दोनाबाई रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पिवळ्या धमक सापाकडे बघत म्हणाल्या, "संपलं. घर संपलं." आणि मग माझ्याकडे वळून, "तू सांग. तू सगळ्या कथा वाचल्यास. याचा अर्थ काय?"

विटास आईच्या खुर्चीमागे उभा होता. त्याचे डोळे मला दिसत होते. सांगा ना, ते म्हणत होते, हीच वेळ आहे, घर संपलं, आता निघायचं, एवढंच सांगा. आणि ते खोटंही नव्हतं. मेलेल्या घरसापाचा अर्थ सगळ्या कथांमध्ये तोच आहे. मी सांगितलं असतं तर अल्दोनाबाई त्याच दिवशी बॅग भरून त्याच्या गाडीत बसल्या असत्या, आणि त्यांच्यातलं काहीतरी तिथे गवतावरच राहिलं असतं.

तज्ज्ञ म्हणून मला जवळ जाऊन पाहणं भाग होतं. मी गेले. वाकले. आयुष्यात एवढं धाडस मी केलं नव्हतं. आणि पाहिलं, तर त्या पांढऱ्या-काळ्या पोटाची बाजू अगदी बारीक वरखाली होत होती. हे श्वास घेणं मला नीट माहीत होतं. आत्ता या घडीला माझंही तसंच चाललं होतं.

"मेलेला नाही," मी म्हटलं. "घाबरलाय."

"सिंबॉलिकली?" विटासने विचारलं.

"नाही रे बाबा. खरंच. साप आहे तो. घाबरलाय म्हणून मेल्याचं सोंग घेतलंय."

साप म्हणजे साप, हे मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि तेही ज्याच्यासाठी नोकरीभर पगार घेतला त्याच्यासमोर. नापास केलेला तो मुलगा त्या क्षणी आठवला.

अल्दोनाबाईंनी सापाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मीही."

विटासला कळलं नाही. "काय मीही?"

"मलाही भीती वाटते."

तो खुर्चीमागून पुढे आला आणि तिथेच गवतावर आईच्या पायाशी बसला, हळदीत, लाह्यांत. इतके महिने आई हट्टी आहे असं तो धरून चालला होता. घाबरलेली आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. खरं तर माझ्याही. "कशाची भीती, आई?" त्याने विचारलं.

"तुझ्या घरी चहाचे कप कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी विचारावं लागेल. तुझी बायको हसून सांगेल. रोज हसून सांगेल."

मीनाताईंचं रडणं थांबलं.

आम्ही सगळे आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला नाकं लावून उभे राहिलो. थोड्या वेळाने तो सुलटा झाला. मान उचलून पाहिलं. मग हळदीने माखलेला, लाह्या चिकटलेला, पांढऱ्या कापडाच्या मधोमध सरपटत, दूध-पाव-अंडं कशाकडेही न बघता ढिगात निघून गेला. मीनाताईंनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. विटासने माझ्या कानाशी विचारलं, "कापडावरून गेला, पण खाल्लं नाही. हे यस की नो?"

"त्याला विचारूच नका," अल्दोनाबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याला आधीच पुष्कळ झालं." मग मुलाकडे न बघता कपांचं कपाट उघडून म्हणाल्या, "थंडी सुरू झाली की तो झोपायला जातो. वसंतापर्यंत उठत नाही. तेवढे दिवस मी तुझ्याकडे येईन. त्याला कळणारसुद्धा नाही."

विटासने त्या कपाटाचा फोटो काढला. मग दुसऱ्या कपाटाचा. मग ड्रॉवरचा, मसाल्याच्या फळीचा, चमच्यांच्या खणाचा. ऑक्टोबरात त्या गेल्या तेव्हा ब्रॅकनेलच्या स्वयंपाकघरात कप डावीकडे, प्लेट उजवीकडे, सगळं लेस्टरसारखं लावून ठेवलं होतं. सुनेला काहीही सापडत नाही आणि आता ती अल्दोनाबाईंना विचारते. त्या हसून सांगतात. एप्रिलमध्ये त्या परत येतात. बागेत खुर्ची टाकून बसतात. मागच्या वर्षी त्यांनी नागपंचमीला मीनाताईंना आपणहून बोलावलं, हळद न आणण्याच्या अटीवर.

आमची सई इल्फर्डला असते. जन्म इथला, मराठी मनाने शुद्ध. डॉक्टर गेल्यापासून दर रविवारी फोनवर तिचं एकच असतं, "आई, तू माझ्याकडे राहायला ये ना. तुझा घर किती मोठा आहे. तू एकटा काय करतो तिथे?" मी विषय बदलत असे. मंडळ आहे, लेख लिहायचेत, गुलाबाची छाटणी व्हायचीय. यंदा मार्चमध्ये मी बागेच्या कोपऱ्यात एक खताचा ढीग सुरू केला. भाजीची देठं, चहाचा चोथा, पालापाचोळा. रोज सकाळी मी जवळ जाऊन, म्हणजे जमेल तेवढं जवळ जाऊन, बघते. अजून कुणी राहायला आलेलं नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर सईने मला तिथे वाकलेलं पाहिलं. "आई, तू रोज त्या ढिगात काय शोधतो?"

"तसं पाहिलं तर," मी जन्मभराच्या सवयीने सुरू केलं, "याच्याकडे तीन दृष्टींनी बघता येईल..." आणि थांबले. म्हटलं, "काही नाही गं. तुझ्याकडे यायची भीती वाटते."

ती जागची उठली. अल्दोनाबाईंची गोष्ट मी तिला सांगितलेली होती. मग कॅमेरा हलला, फळ्या दिसल्या, दारं उघडल्याचा आवाज आला. "सांग," ती म्हणाली, "तुझा कप लेफ्ट कपाटात ठेवू की राइट?"

"डावीकडच्या," मी म्हटलं. "आणि वरच्या फळीवर नको. तिथे माझा हात पोचत नाही."